स्ट्रोकमधला रक्तस्राव कोड करताना: आधी काय झालं ते शोधा

मेडिकल कोडिंग म्हणजे रुग्णाच्या चार्टमधली निदानं अमेरिकन नियमांनी कोडमध्ये मांडणं. त्यातली सीपीसी ही परीक्षा पास झालात आणि कोडचं पुस्तक चाळायचा सराव आहे, असं धरूनच लिहितेय. ती परीक्षा मुख्यतः आउटपेशंटची, इनपेशंट, म्हणजे दाखल रुग्णाच्या, चार्टचा खाक्याच वेगळा. त्यात स्ट्रोकमध्ये रक्तस्राव झालेला चार्ट नव्या कोडरला रडवतो. मलाही रडवलंय. साखळीहून पर्वरीला नाइट शिफ्टला जाताना बसमध्येसुद्धा डोक्यात तेच चार्ट असायचे.

अडतं कुठे ते सांगते. रुग्ण येतो तेव्हा मेंदूची रक्तवाहिनी तुंबलेली असते, म्हणजे इन्फार्क्ट, त्याचा कोड आय६३. टीपीए, म्हणजे रक्ताची गाठ विरघळवणारं औषध, देतात. दुसऱ्या दिवशी सीटीत त्याच जागी रक्त दिसतं. आणि डिस्चार्ज समरीत एवढंच लिहिलेलं असतं: ‘हेमरेजिक स्ट्रोक’. हे दोन शब्द एन्कोडरमध्ये, म्हणजे कोड शोधायच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकलेत की तो तुम्हाला आय६१ वर, म्हणजे मेंदूतल्या रक्तस्रावाच्या कोडवर, नेऊन सोडतो आणि इन्फार्क्ट गायब होतो. पण हा माणूस रक्तस्राव घेऊन आलाच नव्हता! डॉक्टरांनी ‘हेमरेजिक कन्व्हर्जन’ (इन्फार्क्टच्या जागी नंतर झालेला रक्तस्राव) नोंदवलं असेल तर आय६३ मुख्य निदान आणि आय६१ दुय्यम, दोन्ही लागतात. रक्तस्राव दाखल झाल्यावर झाला म्हणून आय६१ ला पीओए (दाखल होतानाच ते होतं का, हे सांगणारी खूण) ‘एन’, म्हणजे नाही. तिथे ‘वाय’ टाकलात, तर रुग्ण रक्तस्राव घेऊनच आला असा अर्थ होतो. म्हणून इमर्जन्सीची नोंद, पहिला सीटी, टीपीएची वेळ, दुसरा सीटी हे सगळं वेळेच्या क्रमाने कागदावर मांडा. मी आजही मांडते.

सीटी रिपोर्टमध्ये रक्तस्राव दिसतोय, पण उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या नोंदीत तो नाही? कोड लावायचा नाही. अजिबात नाही. डॉक्टरांनी निदान लिहिलं असेल तर नेमकी जागा रिपोर्टमधून घेता येते, निदान मात्र घेता येत नाही. क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्न, पाठवा. तीही ‘हे कन्व्हर्जनच आहे ना?’ अशी नको. लक्षणं, स्कॅनच्या तारखा, पर्याय आणि ‘इतर’ किंवा ‘सांगता येत नाही’ हेही द्या. दुय्यम आय६१ हा एमसीसी (मोठी गुंतागुंत किंवा सहव्याधी) आहे, डीआरजी (हॉस्पिटलला किती पैसे मिळणार हे ठरवणारा गट) वर जाऊ शकतो, त्यामुळे विमा कंपनीचा ऑडिटर आधी तिथेच बोट ठेवतो.

टीपीएनंतर रक्तस्राव झाला म्हणजे टीपीएमुळेच झाला, हे ठरवणारे आपण नव्हे. डॉक्टरांनी संबंध लिहिला असेल तरच टी४५.६१५ए, म्हणजे अशा औषधाच्या दुष्परिणामाचा कोड. आणि झेड९२.८२ फक्त तेव्हाच, जेव्हा टीपीए आधीच्या चोवीस तासांत दुसऱ्या हॉस्पिटलात दिलेलं असतं. तुमच्याच हॉस्पिटलात दिलं असेल तर तो प्रोसिजर कोडचा विषय. रुग्ण पडून डोक्याला मार लागल्याने रक्तस्राव असेल तर आय६१ नाहीच, डोक्याच्या आतल्या इजेचा एस०६ बघा.

घाबरू नका, सगळंच इतकं कठीण नसतं. एनआयएचएसएस, म्हणजे स्ट्रोकची तीव्रता मोजणारा स्कोअर, नर्सच्या नोंदीतूनही घेता येतो. स्ट्रोकचं निदान तेवढं डॉक्टरांचं हवं.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘स्ट्रोक चीटशीट’ मला मुळीच पटत नाहीत. त्यात कोड असतात, क्रम नसतो. शिवाय दर १ ऑक्टोबरला नवे कोड लागू होतात. इकडे चवथीची धामधूम संपते न संपते तोच पुस्तक बदललेलं असतं, चीटशीट मात्र जुनीच फिरते. नोकरीची हमी देणाऱ्या क्लासपेक्षा वॉर्डात ड्युटी केलेली नर्स शोधा. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात काम करून या क्षेत्रात आलेली एखादी ताई भेटली तर तिला सोडू नका. कोडचे नियम अमेरिकेचे असले तरी रुग्णाचं पहिल्या रात्रीपासून काय काय होत गेलं हे तिला चार्ट वाचतानाच कळतं. तिच्या शेजारी बसा आणि कोड विचारण्याआधी तिला विचारा, ‘ताई, यात आधी काय झालं?’