ऑस्ट्रेलियातील सरकारी पालकरजा वेतन : मालकाने ते केव्हा आणि कसे द्यावे

भारतातून जाऊन मेलबर्न किंवा सिडनीत दुकान, उपाहारगृह अथवा छोटी कंपनी चालवणाऱ्यांचा एक गैरसमज हमखास आढळतो. कर्मचारी राज्य विमा लागू नसेल, तर भारतात प्रसूती रजेचा पगार मालकाच्या खिशातून जातो, आणि ऑस्ट्रेलियातही तसेच असेल असे ते गृहीत धरतात. तिथे ‘पेरेंटल लीव्ह पे’ नावाने मिळणारे वेतन सरकारी तिजोरीतून येते. २०१०च्या कायद्याने आखलेली ही योजना १ जानेवारी २०११ पासून सुरू आहे. मात्र ठरावीक परिस्थितीत ते पैसे कर्मचाऱ्याच्या हाती पोहोचवण्याचे काम मालकाने आपल्या पगारपत्रकातून करायचे असते, आणि तेव्हा ते ऐच्छिक नसते.

पहिली पायरी : जबाबदारी आपली आहे का, ते पाहावे. कर्मचाऱ्याच्या घरी मूल जन्मले असेल किंवा त्याने नुकतेच दत्तक घेतले असेल; बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेपूर्वी किंवा दत्तक घेण्यापूर्वी त्याची आपल्याकडे किमान १२ महिने नोकरी झालेली असेल; वेतनाच्या काळात तो आपलाच कर्मचारी राहणार असेल; त्याचे काम ऑस्ट्रेलियातले असेल; आणि त्याला सलग किमान ८ आठवड्यांचे, म्हणजे ४० दिवसांचे वेतन मिळणार असेल, तर ते वेतन मालकानेच द्यावे लागते. व्यवसायाचा नोंदणी क्रमांक, म्हणजे एबीएन, असणे यात अध्याहृत आहे. कर्मचारी अर्धवेळ किंवा कॅज्युअल आहे, एवढ्यानेच जबाबदारी टळत नाही.

बारा महिन्यांची अट नीट समजून घ्यावी. मे २०२५ मध्ये रुजू झालेल्या कर्मचारी बाईंची प्रसूतीची अपेक्षित तारीख मार्च २०२६ मधली असेल, तर आपल्याकडची नोकरी दहाच महिन्यांची भरते आणि मालकावर सक्ती येत नाही. तरीही त्यांचा हक्क बुडत नाही. पालकाची स्वतःची कामाची अट निराळी आहे : बाळ होण्यापूर्वीच्या १३ महिन्यांपैकी १० महिने काम, त्यात किमान ३३० तास, आणि कामाच्या दोन दिवसांत १२ आठवड्यांहून मोठा खंड नसावा. त्यात आधीच्या मालकाकडचे कामही धरले जाते. ती अट व उत्पन्न आणि निवासाचे निकष पूर्ण झाले, तर सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया ही सरकारी संस्था पैसे थेट देते. सुटे, अधूनमधून घेतलेले दिवसही तीच देते. सक्ती नसतानाही कर्मचाऱ्याच्या संमतीने मालकाला हे काम स्वीकारता येते. छोट्या व्यवसायाने ते आपणहून ओढवून घेऊ नये, असे माझे मत आहे.

दुसरी पायरी : पात्रता आपण ठरवू नये. अर्ज कर्मचारी करतो आणि निर्णय सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया घेते. मालकाचे काम त्या संस्थेचे पत्र आल्यावर सुरू होते. ‘तुम्हाला हे मिळणार नाही’ असे कर्मचाऱ्याला तोंडी सांगून मोकळे होणे चूक आहे, कारण उत्पन्नमर्यादा किंवा व्हिसाचा प्रश्न तपासण्याचा अधिकार मालकाला नाही.

तिसरी पायरी : १४ दिवसांत उत्तर द्यावे. पत्र आल्यावर एक तर जबाबदारी स्वीकारून बँक खाते आणि पगाराचे वेळापत्रक कळवावे, किंवा वरील अटी लागू होत नाहीत असे वाटत असल्यास फेरविचार मागावा. पत्र टेबलावर पडून राहिले, हे कारण चालत नाही.

चौथी पायरी : सरकारचा पैसा खात्यात आल्यावरच वेतन द्यावे. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. पगाराच्या दिवसापर्यंत रक्कम आलेली नसेल, तर ती पदरमोड करून द्यायची नसते; आलेली असेल, तर नेहमीच्या पगाराच्या दिवशीच द्यावी, अडवून ठेवू नये. दर राष्ट्रीय किमान वेतनाचा असतो : १ जुलै २०२५ पासूनच्या वर्षासाठी दिवसाला १८९.६२ डॉलर, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्याला ९४८.१० डॉलर, करापूर्वी. १ जुलै २०२५ पासून जन्मलेल्या मुलांसाठी कुटुंबाला १२० दिवस मिळतात आणि १ जुलै २०२६ पासून जन्मणाऱ्यांसाठी १३०. यातले काही दिवस दुसऱ्या पालकासाठी राखीव असल्यामुळे सगळे दिवस एकाच कर्मचाऱ्याचे आहेत असे समजू नये.

या रकमेतून नेहमीप्रमाणे आयकर कापावा लागतो, मात्र तिच्यावर मालकाला सुपर, म्हणजे निवृत्तिनिधीचा हिस्सा, भरावा लागत नाही. १ जुलै २०२५ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत तो हिस्सा सरकार करखात्यामार्फत स्वतंत्रपणे भरते.

वेतन आणि रजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच सांगायला हवे. १२ महिने नोकरी झालेल्या कर्मचाऱ्याला १२ महिन्यांच्या बिनपगारी पालकरजेचा हक्क कामगार कायद्याने मिळतो, सरकारी वेतन योजनेने नव्हे. तसेच करारात कंपनीने स्वतःची पगारी पालकरजा कबूल केली असेल, तर ‘सरकार देतेच आहे’ म्हणून ती कापता येत नाही.

पाचवी पायरी : नोंदी ठेवाव्यात. प्रत्येक वेळी दिलेली रक्कम पगाराच्या स्लिपवर सरकारी पालकरजा वेतन म्हणून वेगळी दाखवावी आणि कागदपत्रे सात वर्षे जपावीत. कर्मचाऱ्याने मधेच नोकरी सोडली, तर ते सर्व्हिसेस ऑस्ट्रेलियाला लगेच कळवावे. उरलेले वेतन त्यानंतर ती संस्था स्वतः देऊ शकते आणि मालकाकडे पडून राहिलेली रक्कम परत करावी लागते.