कागदी तिकीट बंद होण्याआधी: स्मार्ट कार्डाच्या चर्चेत आपली बाजू कशी मांडावी

‘कागदी तिकिटे बंद करून स्मार्ट कार्ड सुरू करण्याबाबत प्रवाशांच्या हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’ अशी नोटीस लागते आणि चर्चा लगेच दोन टोकांना जाते. एक बाजू म्हणते, जग कुठच्या कुठे गेलं, तुम्ही अजून कागदालाच धरून बसलात. दुसरी म्हणते, ज्याच्याकडे कमी आहे त्यालाच बसमधून उतरवायचा हा डाव आहे. दोघंही तावातावाने बोलतात आणि सूचनांची मुदत संपून जाते. तोवर खरं ठरायचं ते ठरलेलं असतं: कार्डाची अनामत किती, उरलेली शिल्लक बुडणार का, यंत्र बंद पडलं तर भुर्दंड कोणाला, तिकीटखिडकी कधी बंद होणार.

माझं मत आधीच मांडून ठेवणं बरं. नीट चालणारं कार्ड ही प्रवाशाची मोठी सोय आहे. पण ते नीट चालेल की नाही हे अटींवर ठरतं आणि त्या अटी कागद बंद होण्याआधी लेखी पदरात पडल्या पाहिजेत. नंतर मागितलेल्या अटीला विनंतीपलीकडे वजन राहत नाही. म्हणून ‘हवं की नको’ यात शक्ती घालवण्यापेक्षा पुढच्या क्रमाने तयारी करा.

१. नेमकं काय बंद होणार, ते आधी काढा

बातमीवर विसंबू नका, मूळ प्रस्ताव मिळवा. ‘कार्ड येणार’ एवढ्या दोन शब्दांमागे चार वेगवेगळे बदल असू शकतात. कार्ड येईल, पण कागदी तिकीट त्याच दरात राहील. कागदी तिकीट राहील, पण महाग होईल. गाडीत रोख घेणं थांबेल, पण खिडकीवर तिकीट मिळेल. किंवा कागद पूर्णपणे जाईल. यातला दुसरा बदल सर्वांत सहज नजरेतून सुटतो, कारण वरवर पाहता काहीच बंद होत नाही. फक्त ज्याच्याकडे कार्ड नाही तो त्याच अंतराला जास्त पैसे मोजतो. बॉस्टनमध्ये २००७ पासून कित्येक वर्षं कागदी तिकिटाचा दर असाच कार्डाहून चढा होता.

मग विचारा, शिल्लक कुठे साठवली जाते? कार्डात बॅटरी नसते. ते यंत्राजवळ नेलं की यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रातूनच चिपला वीज मिळते आणि क्षणार्धात व्यवहार होतो. शिल्लक कार्डावरच नोंदलेली असेल, तर नेटवर्क नसतानाही भाडं कापलं जातं. मात्र घरबसल्या केलेला रिचार्ज कार्ड यंत्राला लावेपर्यंत त्यावर उतरत नाही. शिल्लक सर्व्हरवरच्या खात्यात असेल, तर रिचार्ज लगेच दिसतो, पण सगळी भिस्त मागच्या यंत्रणेवर येते. पैसे, खाजगीपणा, बिघाड या तिन्हींबद्दलचे पुढचे प्रश्न या एका उत्तरावर अवलंबून आहेत, म्हणून ते सुरुवातीलाच मागा.

२. थांब्यावर उभं राहून बघा

हा टप्पा टाळू नका. सभेत आकड्यांपेक्षाही जास्त वजन पडतं ते प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टीला.

सकाळची गर्दी बघून फारसं कळत नाही, कारण त्या वेळचा रोजचा प्रवासी कार्ड कसंही करून घेतोच. दुपारी जा, रात्रीच्या शेवटच्या गाडीला जा, रुग्णालयाच्या थांब्यावर जा. तिथे दिसतात क्वचित प्रवास करणारे, परगावाहून आलेले, तीन मुलांना घेऊन निघालेली आई, हातात मोजकेच सुटे पैसे असलेला माणूस. महिन्याचा पास एकरकमी काढणं ज्याला परवडत नाही तो रोज तिकीट काढतो. त्याला ‘किमान एवढ्याचा रिचार्ज करा’ सांगणं म्हणजे उद्याचे पैसे आजच मागणं. ज्याचं पाकीट नुकतंच चोरीला गेलं, फोन बंद पडला, त्यालाही घरी पोचायचंच असतं. अंध प्रवाशाला पडद्यावरची शिल्लक दिसत नाही. यंत्राने ती बोलून सांगितली पाहिजे किंवा निदान ‘पास’ आणि ‘नापास’चे आवाज स्पष्ट वेगळे हवेत. या प्रत्येकासाठी एकच प्रश्न लिहून ठेवा: कागद गेल्यावर हा माणूस गाडीत कसा चढणार?

जिथे हा प्रश्न आधी विचारला गेला, तिथे उत्तरं निघालेली आहेत. लंडनच्या बसमध्ये ६ जुलै २०१४ पासून रोख घेणं थांबलं. पण त्या वेळी ऑयस्टर हे तिथलं स्मार्ट कार्ड येऊन अकरा वर्षं झाली होती आणि बसभाड्यात २००० साली जवळपास पाव असलेला रोखीचा वाटा एका टक्क्याच्या आसपास उतरला होता. तरीही कार्डात पैसे कमी पडले तर आणखी एक फेरी करू देण्याची सोय आधीच लावली गेली: शिल्लक उणे होते, पुढच्या रिचार्जमध्ये वळती होते, पण माणूस रात्री रस्त्यावर राहत नाही. आधी कागद आपोआप ओसरू द्यायचा आणि मग तो बंद करायचा, हा क्रम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मेलबर्नमध्ये उलटं घडलं. तिथल्या मायकी कार्डासोबत एकवेळची छोटी तिकिटंही निघणार होती. २०११ मध्ये ती रद्द करण्याचा निर्णय झाला. मग एका दिवसासाठी आलेल्या पाहुण्यालाही आधी कार्ड विकत घ्यावं लागलं आणि त्यावरून वर्षानुवर्षं टीका होत राहिली.

३. दोन्ही बाजूंचे दावे तपासून घ्या

कार्डामुळे चढायला वेळ कमी लागतो, हे खरं आहे. चालकाजवळ रोकड राहत नाही, त्यामुळे लुटीचा धोका घटतो, हेही खरं. कुठे किती माणसं चढतात हे कळल्यावर फेऱ्या नीट आखता येतात. हा फायदा मोठा असूनही विरोधक त्याचं नाव घेत नाहीत. तुम्ही घ्या, तुमच्या बोलण्याला वजन येईल.

‘कागद वाचेल’ हा दावा मात्र जपून ऐका. तिकीटयंत्रातून निघणाऱ्या, शाईऐवजी उष्णतेने छापल्या जाणाऱ्या औष्णिक कागदात बिस्फेनॉल-ए हे रसायन असू शकतं आणि युरोपीय संघाने २०२० पासून त्यावर कडक मर्यादा घातली आहे, त्यामुळे कागदाची बाजूही निर्मळ नाही. पण प्लॅस्टिकचं चिपवालं कार्ड दोनदा वापरून फेकलं तर त्यात निसर्गाचं काय भलं झालं? खर्चाबद्दल बचतीचा आकडा सांगितला की लगेच दुसरा आकडा विचारा: यंत्रं, देखभाल आणि कंत्राटदाराचा प्रत्येक व्यवहारामागचा वाटा धरून.

४. पैशाचे बारीक प्रश्न

अनामत परत मिळते का आणि कुठे? कार्डाची मुदत संपली की शिल्लक जाते की नव्या कार्डावर येते? किमान रिचार्ज किती? सवलतीच्या प्रवाशांना कार्डासाठी वेगळी कागदपत्रं लागणार का?

उतरताना कार्ड लावायचं राहिलं तर काय कापणार, हे तर विचाराच. नेदरलँड्समध्ये २०११ साली जुनं पट्टीचं तिकीट पूर्ण बंद होऊन चिपकार्ड आलं, तेव्हा बिननावाच्या कार्डाने रेल्वेत चढायला शिल्लक २० युरो असावी लागे आणि उतरताना नोंद राहिली की ती रक्कम अडकून पडे. एका कंपनीच्या गाडीतून दुसरीच्या गाडीत जाताना आधी बाहेर पडल्याची आणि मग आत आल्याची अशा दोन नोंदी कराव्या लागत. विसर ही माणसाची चूक आहे, गुन्हा नाही. म्हणून चुकून कापलेले पैसे अर्ज न करता परत येण्याची सोय मागा. यंत्रणेला बहुतेक वेळा नेहमीचा प्रवासी कुठे उतरतो हे नोंदींवरून ओळखता येतं.

मागण्यासारखी एक चांगली गोष्टही आहे. लंडनने २००५ पासून दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा घातली: कितीही फेऱ्या करा, ठरावीक रकमेपुढे पैसे कापले जात नाहीत. पास एकरकमी न परवडणाऱ्याला पासाचा फायदा मिळवून देणारी ही युक्ती कागदावर जमत नाही, कार्डावर सहज जमते. कार्ड आणायचंच असेल तर ही मर्यादाही त्याच दिवशी लागू करा, असं ठणकावून सांगा.

५. प्रवासाची नोंद कोणाच्या हाती

कागदी तिकीट तुमचं नाव विचारत नाही. कार्ड मात्र तुम्ही कुठे, किती वाजता चढलात ते साठवतं आणि नावाशी जोडलेलं असेल तर तुमचा दिनक्रमच उलगडून सांगतं. हाँगकाँगचं ऑक्टोपस कार्ड १९९७ पासून चालू आहे आणि जगात नावाजलं गेलं आहे. त्याच कंपनीने जवळपास २० लाख ग्राहकांची वैयक्तिक माहिती पैसे घेऊन इतर कंपन्यांना दिल्याचं २०१० मध्ये उघड झालं आणि मुख्याधिकाऱ्यांना पद सोडावं लागलं. चांगलं चालणारं कार्ड आणि जपून ठेवलेली माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मागणी तीन वाक्यांत करा. बिननावाचं कार्ड त्याच दरात मिळावं. प्रवासाची नोंद किती दिवसांनी पुसली जाईल ते जाहीर व्हावं. न्यायालयीन आदेशाशिवाय ती कोणालाही देऊ नये. आणि ‘बिननावाचं कार्ड उपलब्ध असेल’ एवढ्यावर समाधान मानू नका. पॅरिसमध्ये खाजगीपणाची राखण करणाऱ्या सरकारी आयोगाच्या आग्रहावरून असा पर्याय निघाला. पण त्याच आयोगाने पुढे तपासलं, तेव्हा खिडक्यांवर त्याची धड माहितीही मिळत नव्हती. प्रत्येक खिडकीवर, न मागता दिसेल असं, हे शब्द मागणीत घाला.

सुरक्षेबद्दल एकच प्रश्न पुरे: चिपची पद्धत बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासली आहे का? जगभरच्या प्रवासी कार्डांत वापरात असलेल्या मायफेअर क्लासिक चिपचं गुप्त सूत्र २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी उलगडलं. उत्पादक कंपनी न्यायालयात गेली, तरी डच न्यायालयाने संशोधन छापायला परवानगी दिली.

६. बिघाडाची जबाबदारी आधीच ठरवून घ्या

यंत्रणा कधी ना कधी बंद पडतेच. जुलै २००८ मध्ये लंडनची कार्डप्रणाली एकाच महिन्यात दोनदा कोलमडली. पहिल्या वेळी तर हजारो प्रवाशांची कार्डंच निकामी झाली. अशा दिवशी फाटकं उघडी ठेवायची की प्रवाशाला दंड करायचा, हे गर्दी जमल्यावर ठरवता येत नाही. ‘यंत्र बंद असेल तर प्रवास विनामूल्य’ हे वाक्य नियमात हवं.

याबाबत शिकागोचं उदाहरण जवळ ठेवा. २०१३ मध्ये तिथे व्हेंट्रा कार्ड आलं आणि गोंधळ माजला: कार्डं वेळेवर पोचेनात, दोनदा पैसे कापले जात, मदतीच्या फोनवर माणसं ताटकळत. तेव्हा परिवहन संस्थेने जुनी तिकिटं बंद करण्याची तारीख पुढे ढकलली आणि कंत्राटदाराला सांगितलं, तीन गोष्टी झाल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत: फोन पाच मिनिटांत उचलला जावा, १०० पैकी ९९ वेळा कार्ड अडीच सेकंदांच्या आत वाचलं जावं आणि ९९ टक्के यंत्रं चालू असावीत. अट अशी असावी. ‘उत्तम सेवा दिली जाईल’ हे मोजता येत नाही, अडीच सेकंद मोजता येतात. हेच आकडे आपल्या निवेदनात घाला आणि ते सलग काही महिने साधल्याशिवाय कागद बंद करू नये अशी जोड द्या.

७. निवेदन लिहा

एका पानात बसवा. मुद्द्यांना क्रमांक द्या, म्हणजे प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं त्यांना भाग पडेल. भाषा साधी ठेवा, जसं:

‘माझा कार्डाला विरोध नाही. मात्र (१) एकवेळचं तिकीट रोखीने आणि कार्डाच्याच दरात मिळत राहावं. (२) रोखीचा वाटा ठरावीक टक्क्यांखाली आल्याशिवाय कागदी तिकीट बंद करू नये. ते टक्के आणि दर महिन्याचा आकडा जाहीर करावा. (३) शिल्लक अपुरी असल्यास एक फेरी करू द्यावी. (४) यंत्र बंद असल्यास प्रवाशाला दंड करू नये. प्रत्येक मुद्द्यावर लेखी उत्तर मिळावं.’

यात तुम्ही थांब्यावर पाहिलेलं एखादं उदाहरण दोन ओळींत घाला, पण कोणाचं नाव देऊ नका. एकच मजकूर शंभर जणांनी सही करून पाठवण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या शब्दांत लिहिलेली दहा पत्रं जास्त उपयोगी पडतात, कारण छापील पत्रांची नोंद बऱ्याचदा एकच सूचना म्हणून होते. वाहक आणि खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांशीही बोला. त्यांच्या नोकरीचा प्रश्न या चर्चेत खरा आहे आणि कोणता प्रवासी कुठे अडतो हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

८. सुनावणीत आणि त्यानंतर

बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतात. सगळे मुद्दे मांडू नका. जो मुद्दा दुसरं कोणी मांडणार नाही तो एकच घ्या, शेवटी मोजता येणारी मागणी सांगा आणि निवेदनाची प्रत हातात देऊन पोच घ्या. अमेरिकेत मोठ्या परिवहन संस्थांना भाड्यात बदल करण्याआधी त्याचा कमी उत्पन्नाच्या आणि अल्पसंख्य प्रवाशांवर काय परिणाम होईल हे तपासावं लागतं. तुमच्याकडे असा नियम नसला, तरी ‘ही तपासणी झाली आहे का’ हा प्रश्न विचारता येतोच आणि नाही म्हणायला अधिकाऱ्यांना अवघड जातं.

इतिवृत्त मागवा. त्यात तुमचा मुद्दा ‘नोंद घेतली’ एवढ्यावर संपवला असेल, तर तोच मुद्दा त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवा आणि लोकप्रतिनिधींना प्रत द्या. कार्ड सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे बिघाड, चुकीची कपात, उतरवलेले प्रवासी यांची तारीख, वेळ आणि गाडीच्या क्रमांकासह नोंद ठेवा. कागद बंद करण्याच्या तारखेचा विषय पुढच्या बैठकीत येईल, तेव्हा ती वही घेऊन जा.