सेल्फ मारून मारून बॅटरी बसते? डिझेल पिकअपचा पंप उघडण्याआधी हे तपासा

डिझेल पिकअप सकाळी पटकन सुरू होईना झाली की पहिला संशय पंपावर नाहीतर नोझलवर (इंजेक्टरवर) जातो. महागडे भाग तेच, म्हणून धास्तीही त्यांचीच. शोधायला बसलं की बरेचदा निघतो गंजलेला अर्थ (बॅटरीचा निगेटिव्ह चासीला जोडणारी केबल), तडकलेला रबरी पाइप, फिल्टरची चेपलेली ओ-रिंग (गोल रबरी सील) किंवा जळालेला हीटर प्लग (थंड इंजिन पेटावं म्हणून तापणारा). मल्टिमीटर, रिंग पान्यांचा सेट, फिल्टर काढायचा पट्टा आणि हातभर पारदर्शक डिझेल पाइप एवढ्या सामानात हे सगळं घरच्या घरी तपासता येतं. मात्र तपासण्याचा क्रम सोडू नका.

सुरुवात धुरापासून करा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, चाकाला दगडाची ओट. एकाला सायलेन्सरच्या बाजूला उभं करा आणि सेल्फ मारा. धूर अजिबात नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाहीये: फिल्टर, पाइप, हवा, पंप या बाजूला शोधा. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये: हीटर प्लग, मंद सेल्फ किंवा कमी कॉम्प्रेशन. सेल्फ एका वेळी १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये दोनेक मिनिटं थांबा, नाहीतर मूळ दोष बाजूला राहून सेल्फची मोटर जळायची.

बॅटरी आणि अर्थ

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. सेल्फ चालू असताना आकडा ९.६ च्या खाली जाता कामा नये. कॉमन रेल गाडीत (जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल जातं) हे विशेष पाहावं लागतं. रेलमधला दाब साधारण २०० बारच्या पुढे गेल्याशिवाय ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडतच नाही. सेल्फ रेंगाळत फिरला की दाब तयार होत नाही, आणि दोष बॅटरीचा असून पंप गेल्यासारखा वाटतो.

बॅटरी ठीक असूनही सेल्फ जड फिरत असेल तर अर्थ मोजा. मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा (क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खांबावर), लाल वायर इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर उत्तम, ०.५ च्या वर गेला तर अर्थ केबल खराब आहे. केबल चासीला जिथे बसते तिथला बोल्ट काढून रंग आणि गंज घासून धातू चकचकीत करा. केबल टोकापाशी हिरवी, फुगलेली असेल तर नुसतं घासून भागत नाही, बदलाच. हीच मोजणी पॉझिटिव्ह खांब आणि सेल्फच्या मोठ्या नटामध्येही करा.

हवा कुठून शिरते

सकाळी लांबलचक सेल्फ, पण एकदा सुरू झाली की दिवसभर चावी फिरवताच स्टार्ट: ही हवा घेण्याची ठरलेली खूण. टाकीत इलेक्ट्रिक पंप नसेल तर टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप ओढीचा असतो, त्यामुळे फट पडली तरी डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. जमीन कोरडी आहे म्हणजे गळती नाही, हा समज इथे चालत नाही. रात्री डिझेल हळूहळू टाकीकडे परततं आणि सकाळी पंपाला हवाच मिळते.

खात्री करायला सकाळी सेल्फला हात न लावता आधी हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल पुढे ढकलायचा छोटा पंप) दाबा. तो टणक होईपर्यंत दाबल्यावर गाडी लगेच सुरू झाली तर दोष ओढीच्या पाइपात आहे. दुसरी युक्ती, एक रात्र गाडी उतारावर नाक खाली करून लावा. त्या सकाळी निमूट सुरू झाली तर निदान पक्कं. मग फिल्टर ते पंप या कमी दाबाच्या टप्प्यात रबरी पाइपाऐवजी तात्पुरता पारदर्शक पाइप, क्लिपा नीट आवळून, लावा आणि इंजिन चालू ठेवून बघा. एखाद-दुसरा बुडबुडा सुरुवातीला येऊन थांबतो. अखंड माळ आली तर एकेक जोड मागे मागे तपासत जा. जुना प्रायमर, फिल्टरच्या तळाचं पाणी काढायचं बटण आणि टाकीवरचा रबरी तुकडा हे नेहमीचे गुन्हेगार.

डिझेल फिल्टर बदलताना

कॉमन रेल गाडीत पंपाच्या पुढच्या धातूच्या पाइपांना इंजिन चालू असताना हात लावायचा नाही, नट ढिला करणं तर दूरच. तिथे हजार बारच्या पुढे दाब जातो. ती बारीक धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आत गेलेलं डिझेल हात निकामी करू शकतं. असं झालं तर दुखत नसलं तरी तडक दवाखाना गाठा.

फिल्टरखाली ट्रे ठेवा आणि अल्टरनेटर खालीच असेल तर तो प्लास्टिकने झाका. तळातलं पाणी आधी काचेच्या बाटलीत काढा, पाच मिनिटं स्थिर ठेवा: पाणी खाली बसतं, डिझेल वर राहतं आणि मधली रेघ स्वच्छ दिसते. तपकिरी बुळबुळीत गाळ निघाला तर टाकीत जंतू वाढलेत, टाकी धुवावी लागेल. चांदीसारखी चमकणारी बारीक कणी दिसली तर मात्र पंपाचा धातू झिजतोय. नवा फिल्टर घालून ते झाकलं जात नाही, गाडी तशीच चालवली तर कणी इंजेक्टरही खाते.

जुनी ओ-रिंग फिल्टरबरोबर निघाली की हेडलाच (फिल्टर ज्यावर बसतो त्या भागाला) चिकटून राहिली, हे बोट फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की हवा शिरलीच म्हणून समजा. नवी रिंग डिझेलने ओली करा. फिल्टर आधी भरून बसवायचा असेल तर कडेच्या बारीक छिद्रांतूनच भरा, मधल्या मोठ्या छिद्रातून नाही. मधली बाजू गाळलेल्या डिझेलची असते. तिथून ओतलेला कचरा सरळ पंपात जातो. आट्यांचा फिल्टर हाताने रिंग टेकेपर्यंत फिरवा, त्यानंतर पाऊण फेरा. पट्टा फक्त काढण्यासाठी. बसवताना पट्टा वापरला तर पुढच्या वेळी डबा चेपूनही निघायचा नाही.

एअर काढताना फिल्टर हेडवरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा) एक-दीड फेरा ढिला करून प्रायमर दाबत राहा. फेस थांबून सलग डिझेल आलं की ते वाहत असतानाच स्क्रू आवळा. बँजो बोल्ट (पाइपाच्या टोकाचे पोकळ बोल्ट) काढले असतील तर तांब्याचे वॉशर नवे घाला. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर सेल्फ न मारता चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा, पंप दर वेळी काही सेकंद चालतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात नोझलचे नट अर्धा फेरा ढिले करून सेल्फ मारला की उरलेली हवा निघते. ही पद्धत कॉमन रेलवर कधीच वापरू नका.

हीटर प्लग

प्लगांना करंट देणारी वरची पट्टी काढून प्रत्येक प्लगच्या टोकापासून ब्लॉकपर्यंत ओहम मोजा. मीटरच्या वायरींचा स्वतःचा विरोध आधी वजा करा. साध्या धातूच्या १२ व्होल्टच्या प्लगला अर्धा ते दीड-दोन ओहम येतो. आकडाच आला नाही तर प्लग गेला. बॅटरीला थेट जोडून लाल करून बघायची सवय नव्या इंजिनात महागात पडते, कारण सिरॅमिक आणि कमी व्होल्टचे प्लग १२ व्होल्टवर क्षणात फुटतात. सगळे प्लग चांगले निघाले तर थंड इंजिनवर चावी ऑन करून पट्टीपर्यंत करंट येतोय का बघा. रिले नाहीतर फ्यूज गेलेला असतो.

प्लग काढायचा तो इंजिन गरम असताना, मुळाशी आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून. एम १० आट्यांच्या प्लगला साधारण ३५ आणि एम ८ ला २० न्यूटन-मीटरपर्यंत जोर लावा. नाही सुटला तर थांबा, पुन्हा तेल, पुन्हा गरम इंजिन. मोडलेला प्लग काढायला सिलिंडर हेड उतरवायची वेळ येऊ शकते. आणि हीटर प्लगच्या इंजिनात हवेच्या तोंडाशी ईथरचा स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर तो अवेळी भडकतो आणि पिस्टन फुटतो.

अजूनही पटकन सुरू होत नसेल तर

आता इंजेक्टरची पाळी. प्रत्येकाचा रिटर्न पाइप (उरलेलं डिझेल परत नेणारा) काढून सारख्या मापाच्या बाटलीत सोडा, पंपाकडची मोकळी तोंडं बंद करा, इंजिन दोन मिनिटं आयडलला चालवा. बाकीच्यांपेक्षा दुप्पट डिझेल ज्या बाटलीत साचलं तो इंजेक्टर दाब गिळतोय. तो काढून टेस्ट बेंचवर द्या. बऱ्याच गाड्यांत नव्या इंजेक्टरवरचा कोड स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो, तो न भरता गाडी धूर सोडते आणि आयडलला थरथरते.

एक बदल मात्र कुठल्याही वयाच्या पिकअपला करण्यासारखा आहे: टाकी आणि मूळ फिल्टर यांच्यामध्ये पारदर्शक वाटीचा वॉटर सेपरेटर. ३० मायक्रॉनचा घ्या. इथे बारीक जाळी घातली तर ओढ अडते आणि चढावर गाडी दम टाकते. चासीच्या आतल्या बाजूला, सायलेन्सरपासून लांब, खड्ड्यातला दगड लागणार नाही अशा उंचीवर बसवा, पाइप मूळ मापाचाच ठेवा. पाणी काढताना इंजिन बंद हवं आणि वरचा एअर स्क्रू आधी ढिला करा. नाहीतर खालचं बटण उघडूनही थेंब पडत नाही, उलट हवा आत ओढली जाते. पाणी काढून झाल्यावर प्रायमर मारूनच चावी फिरवा.