बारावीनंतर डोळ्यांच्या इमेजिंगमध्ये शिरायचं असेल तर

इमेजिंगची वेगळी पदवी शोधत बसू नका. आपल्याकडे डोळ्यांचे फोटो आणि स्कॅन काढतात त्या अंधाऱ्या खोलीत पोचायची नेहमीची वाट ऑप्टोमेट्रीतून, म्हणजे दृष्टी तपासणीच्या अभ्यासक्रमातून जाते: बारावी सायन्स, मग चार वर्षांची पदवी, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. नेत्रतंत्रज्ञाचा डिप्लोमा लवकर उरकतो, पण पुढे मास्टर्स करायचं मनात असेल तर पदवीच घ्या.

प्रवेशाआधी कॉलेजला एवढंच विचारा: इंटर्नशिप कुठे, आणि फंडस कॅमेरा (डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढणारा) व ओसीटी (त्याच पडद्याच्या थरांचा छेद दाखवणारं स्कॅन मशीन) विद्यार्थ्याच्या हाती देतात की लांबून दाखवतात? माहितीपत्रकातल्या मशीनच्या फोटोवर जाऊ नका. सांगली-मिरजेच्या मुलांना चौकशीसाठी लांब जायला नको. मिरजेत 1962 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परवानगी काढून नेत्रविभागात एक सकाळ बसा. मधुमेहाचे पेशंट एकामागून एक येताना दिसतील, आणि हे काम झेपेल का तेही कळेल.

खरी कसब फंडस फोटोत लागते. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर वीस-तीस मिनिटं थांबा, घाई केली की फोटो काळवंडतो. पण त्याआधी डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं तो कोन अरुंद नाही ना, हे डॉक्टरांनी पाहिलेलं असावं, नाहीतर थेंबांनीच डोळ्याचा दाब चढू शकतो. ‘आजी, हनुवटी इथं ठेवा, कपाळ पट्टीला टेकवा’ एवढं सांगून भागत नाही. कपाळ हळूच मागे सरकतं, ते पाहत राहा. कडेला पांढुरकी चंद्रकोर आली तर कॅमेऱ्याचं अंतर चुकलंय. प्रत्येक पेशंटच्या फोटोत तोच ठिपका त्याच जागी दिसला तर तो आजार नव्हे, लेन्सवरची धूळ. आणि उजव्या डोळ्याच्या फोटोत ऑप्टिक डिस्क (डोळ्याची नस जिथून निघते तो फिकट गोल) उजवीकडे असते. डावीकडे दिसली तर सेव्ह करण्याआधी नोंद तपासा.

ओसीटीत सिग्नलचा आकडा कमी आला की नवखा माणूस मशीनला दोष देतो. बहुतेकदा डोळा कोरडा पडलेला असतो. कृत्रिम अश्रूंचा एक थेंब घाला, दोनदा पापण्या मिटायला सांगा, पुन्हा स्कॅन घ्या. पडद्याच्या छापील जाडीवर विसंबू नका: मशीनने थरांच्या रेषा चुकीच्या ओढल्या असतील तर आकडाही खोटा, म्हणून प्रत्येक छेद डोळ्यांनी बघा.

अँजिओग्राफीला, म्हणजे शिरेत रंग सोडून डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढण्याला, मात्र दुसरी संधी नाही. शिरेत साधारण 500 मिलिग्रॅम फ्लुरोसीन (हाच तो चमकणारा रंग) गेल्यावर दहा-पंधरा सेकंदांत ते डोळ्याच्या पडद्यावर पोचतं. टायमर सुईबरोबरच सुरू करा. जास्त बिघडलेला डोळा आधी धरा, कारण सुरुवातीचे क्षण एकाच डोळ्याचे मिळतात. अॅलर्जीची चौकशी आधी करा. डॉक्टर खोलीत आणि तीव्र अॅलर्जीवरच्या अॅड्रेनलिनचा ट्रे हाताशी हवाच. मळमळ काही जणांना होते, ती मिनिटभरात ओसरते. हातात जळजळ होऊन सूज दिसली तर औषध शिरेबाहेर गेलंय, तिथंच थांबा. आणि घरी जाताना सांगायला विसरू नका, की त्वचा थोडी पिवळी आणि लघवी दिवसभर केशरी होईल. नाहीतर रात्री घाबरून फोन येतोच.