द्राक्षबागेच्या वहीपासून सुरुवात

अर्थशास्त्र किंवा आंतरराष्ट्रीय संबंध घेऊन सांगलीत पदव्युत्तर शिक्षणाला सुरुवात करणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. पहिले वर्ष मी जागतिकीकरणाच्या व्याख्या पाठ करण्यात घालवले आणि तोंडी परीक्षेत ‘तुमच्या तालुक्यातल्या मालाचा दर कोण ठरवतो?’ या साध्या प्रश्नावर निरुत्तर झालो.

त्या सुट्टीत तासगाव तालुक्यातील आमच्या बागेत चुलत्यांची फवारणीची वही मी प्रथमच नीट वाचली. फळछाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की पुढची पाने डावणी या बुरशीजन्य रोगाच्या औषधांच्या नोंदींनी भरून जातात, आणि प्रत्येक औषधासमोर काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची तेही लिहिलेले असते. हे दिवस काटेकोरपणे पाळावे लागतात, कारण ज्या औषधासाठी युरोपीय संघाने वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याचा अंश किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर गेलेला चालत नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाचे अंश सापडल्यामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली होती. त्या हंगामाचा विषय आमच्या घरी आजही निघतो. हवामान, परदेशातील कायदा आणि बाजारभाव हे तीन स्वतंत्र पेपर म्हणून वाचणे किती अपुरे आहे, हे मला त्या वहीने शिकवले.

राजकारणाचेही तसेच आहे. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा युरोपकडे जाणारी बहुतेक मालवाहू जहाजे सुवेझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली, आणि द्राक्षांसारख्या नाशवंत मालाचा प्रवास लांबून भाडेही वाढले.

ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांनी साखरेचा वाद अभ्यासाला घ्यावा; माझ्या मते तो अधिक शिकवणारा आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये एफआरपीसह (उसाला द्यावा लागणारा सरकारने ठरवलेला किमान दर) भारताच्या साखरविषयक धोरणांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली आणि डिसेंबर २०२१ मध्ये निवाडा भारताच्या विरोधात गेला. भारताने अपील केले. परंतु अमेरिकेने सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्यामुळे अपील मंडळाचे काम डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प होते. हा निवाडा सारांशावर न भागवता मुळातून वाचावा आणि कारखान्याचे ऊसबिल शेजारी ठेवावे. बिलावरचा दर आणि निवाड्यातील एफआरपीसंबंधीचा युक्तिवाद एकमेकांशी ताडून पाहण्यात माझे तीन आठवडे गेले.