एआय एजंटला गावचं दप्तर शोधायला लावायचं तर टूलचं वर्णन कसं लिहावं

ग्रामपंचायतीचं दप्तर म्हणा नाहीतर शेतकरी कंपनीच्या फायली म्हणा, सगळं स्कॅन करून एका जागी टाकलं, त्याला एआय एजंट (म्हणजे प्रश्न वाचून स्वतःच टूल वापरणारं एआय मॉडेल) जोडला, अन् आता भाऊ मागतो एक आणि एजंट काढून देतो भलतंच. असं होत असेल तर मॉडेल बदलायच्या आधी टूलचं, म्हणजे एजंट ज्यातून कागद शोधतो त्या सोयीचं, वर्णन उघडून पाहा, बहुतेक वेळा तिथं एकच ओळ सापडते: 'कागदपत्रं शोधतो'.

एजंटला तुमचा कोड दिसत नाही, फोल्डर कसे लावले तेही दिसत नाही. त्याच्यासमोर टूलचं नाव, त्याचं वर्णन अन् त्यात कोणकोणती माहिती भरायची त्याची यादी, एवढंच असतं. अँथ्रोपिकनं नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला एमसीपी (एजंटला टूल जोडायची एक ठरलेली पद्धत) वापरा नाहीतर दुसरं काही, हिशोब तोच. म्हणून जे तुम्हाला न सांगता कळतं ते सगळं वर्णनात यायला पाहिजे.

पहिली पायरी. लोकं खरंच काय विचारतात ते त्यांच्याच शब्दात लिहून काढा. 'माह्या घराले टॅक्स किती लागला?', 'वडगावच्या गट ४५/२ चा फेरफार कधी झाला?', 'बोंडअळीच्या वर्षी कंपनीनं कोणतं बियाणं वाटलं?' ही यादी जपून ठेवा, शेवटी लागते.

दुसरी, नाव. बहुतेक सिस्टीममध्ये टूलच्या नावात इंग्रजी अक्षरं, आकडे, अंडरस्कोअर अन् हायफन असंच चालतं, मराठी अक्षरं नाही. 'search' एवढंच ठेवू नका, 'search_panchayat_records' असं ठेवा, झालं.

तिसरी पायरी म्हणजे वर्णन, आणि खरी मेहनत इथंच आहे. टूल काय करतं हे तर सगळेच लिहितात, पण सारख्या दिसणाऱ्या दोन कागदांतला फरक कोणी लिहीत नाही. आता हेच पाहा न, ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घराची कर आकारणी, अन् तलाठ्याकडचा गाव नमुना ८-अ म्हणजे खातेदाराच्या नावावर किती जमीन आहे तो खातेउतारा. आपल्याला 'आठचा उतारा' म्हटलं की समोरचा घराचं बोलून राहिला का शेताचं हे लगेच समजते, मॉडेलला नाही समजत, ते बिचारं जे आधी सापडलं ते उचलतं आणि वरून ठासून सांगतं. तर असं लिहा:

'ग्रामपंचायतीचे स्कॅन केलेले कागद शोधतं: नमुना ८ (घराची कर आकारणी), नमुना ९ (कराची मागणी), ग्रामसभेचे ठराव. शेतजमिनीचे कागद (सातबारा, ८-अ, फेरफार) यात नाहीत, त्यासाठी जमीन रेकॉर्डचं टूल वापरा. कोणी नुसतं "आठचा उतारा" म्हटलं तर घराचा की शेताचा ते आधी विचारा. उत्तरात कागदाचा क्रमांक, शीर्षक अन् तारीख येते, पूर्ण मजकूर येत नाही, मजकुरासाठी तोच क्रमांक कागद उघडण्याच्या टूलला द्या. एका वेळी जास्तीत जास्त २० नोंदी येतात.'

मराठीत लिहू का इंग्रजीत? चालू मोठ्या मॉडेलला दोन्ही कळतं, पण मौजा, गट, फेरफार, खु., बु. हे शब्द जसेच्या तसे ठेवा, कारण लोकं तेच टाईप करतात. अन् पानभर निबंधही नको, टूलचं वर्णन दर संभाषणात मॉडेलपुढं जातं, जागा खातं.

चौथी पायरी, भरायच्या माहितीचं वर्णन. गावासोबत तालुका अन् जिल्हा मागाच, वडगाव नावाची गावं विदर्भात कितीतरी आहेत राजेहो. 'वर्ष' लिहिलं तर कोणतं वर्ष तेही लिहा: पंचायतीच्या कराचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै, म्हणजे जून महिन्यातला एकच कागद दोन्ही हिशोबात वेगवेगळ्या वर्षात पडतो. बोंडअळीचं वर्ष म्हटलं की आपल्या डोक्यात २०१७ चा खरीप येतो, पण अळी नंतरही आलीच होती, म्हणून 'वर्ष आकड्यात नसेल तर अंदाज करू नका, विचारा' ही ओळ टाका. गट नंबर ४५/२ असा तिरप्या रेषेनं द्यायचा का कसा, आकडे मराठी चालतील का इंग्रजी, एकेक उदाहरण द्या.

क्षेत्रफळाचं तर वेगळंच. सातबाऱ्यावर १.२० दिसलं तर ते १ हेक्टर २० आर, म्हणजे जवळपास तीन एकर. वर्णनात 'क्षेत्र हेक्टर-आर मध्ये आहे, एकरात नाही' लिहिलं नाही तर मॉडेल शेतकऱ्याला सव्वा एकर सांगून मोकळं होतं.

पाचवी, टूलला काय जमत नाही ते. जुन्या फायली युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या असल्या तर त्यात मराठी शब्द टाकून शोधलं तरी काही मिळत नाही, हातानं लिहिलेल्या ठरावांचं स्कॅनही नीट वाचल्या जात नाही. मग लिहा की काही सापडलं नाही म्हणजे कागदच नाही असं समजू नका. स्कॅन केलेला सातबारा त्या तारखेपुरताच, चालू उताऱ्यासाठी महाभूलेखवर (सरकारच्या जमीन उताऱ्यांच्या वेबसाइटवर) पाठवा, हेही.

चुकीचा संदेश पण वर्णनाचाच भाग समजा. 'एरर ४००' वाचून एजंट तेच परत करत राहतो, त्यापेक्षा 'तालुका दिला नाही, या नावाची तीन गावं आहेत' असं आलं की तो स्वतःच दुरुस्त करतो.

शोधणं अन् खोडणं एकाच टूलमध्ये ठेवू नका. कागद बदलणाऱ्या टूलच्या वर्णनात पहिल्याच ओळीत लिहा की हे नोंद बदलतं, आधी माणसाला विचारा. पण 'आधार कार्ड दाखवू नका' असं वर्णनात लिहून कुलूप लागत नाही, ती अडवणूक परवानग्यांमध्येच करावी लागते, नाहीतर आधारच्या प्रती त्या साठ्यात टाकूच नका.

आता ती पहिली यादी काढा अन् एकेक प्रश्न एजंटला टाका, उत्तर पाहू नका, आधी त्यानं कोणतं टूल उचललं आणि त्यात काय भरलं ते लॉगमध्ये (एजंटनं काय काय केलं त्याच्या नोंदीत) पाहा. चुकीचं टूल उचललं तर दोन्ही टूलची वर्णनं शेजारी ठेवून वाचा, कुठंतरी दोघांत तेच वाक्य असते. एका वेळी एकच ओळ बदला आणि सगळे प्रश्न परत चालवा, काहून की घराच्या टॅक्सचं नीट करता करता फेरफाराचं बिघडते.