चार पानी बॅकस्टोरी आणि माझी चूक

दर रविवारी कोथरूडला आमच्याकडे डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, प्रत्येकाने एक पात्र घेऊन मिळून गोष्ट रचत खेळायचा खेळ) चालतं, मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा. एका खेळाडूने आपल्या कॅरेक्टरची चार पानी बॅकस्टोरी, म्हणजे आधीच्या आयुष्याची गोष्ट, लिहून आणलेली आणि सहा सेशन झाली तरी त्यातलं अक्षरही मी खेळात आणलं नव्हतं, तो गप्प गप्प राहायला लागला तेव्हा मला फार वाईट वाटलं. मग २०१४ च्या पाचव्या एडिशनच्या कॅरेक्टर शीटवरचे बाँड (कॅरेक्टर कशाशी जोडलेलं आहे) आणि फ्लॉ (त्याचा दोष) हे दोन रकाने नीट भरून घेतले, शिवाय प्रत्येकाकडून गोष्टीतला एक जिवंत माणूस मागितला, ज्याचं काहीतरी देणं त्यांचं कॅरेक्टर लागतं. आता दर सेशनला एकाचाच धागा ओढतो, सगळे एकदम घेतले की गुंता होतो. परवा खेळात त्या चार पानीवाल्याच्या कॅरेक्टरच्या हरवलेल्या बहिणीने सरायीचं दार उघडलं, आणि पोरगा हातातले पोहे ठेवून उभाच राहिला!